सर्व्हरवरचं गावठाण

माझं पोट दुसऱ्यांच्या वतीने माफी मागण्यावर चालतं. ऐरोलीला एका कंपनीत मी चॅटवर तक्रारी घेते. मशीन बनवलं कुणी, बिघडलं कुणाचं, आणि ‘आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत’ असं टाइप करणार मी. त्यामुळे दिलगिरी नावाच्या वस्तूबद्दल मला काडीचा आदर उरलेला नाही. ती कुठल्या डब्यातून काढतात आणि किती पाणी घालून वाढतात, मला सगळं माहीत आहे. तरीसुद्धा त्या शहर बांधायच्या गेमवाल्या कंपनीने माझ्या बापाला ज्या दिलगिऱ्या पाठवल्या, तितक्या निर्लज्ज मी माझ्या नोकरीतही पाहिल्या नव्हत्या.

बाबाचं आधी सांगते. आमच्यात बापाला अरे-तुरेच करतात, कुणी नाक मुरडायचं काम नाही. बाबा जासईच्या बाजूचा आगरी. खाडीला लागून घर, पुढे भातशेती, तिच्या पुढे मिठागर. तो शाळेत होता तेव्हा जमिनी संपादनात गेल्या, मागोमाग घरही गेलं. त्या जागेवर आता कंटेनर एकावर एक रचून ठेवलेले असतात. बाबा तुर्भ्याच्या एका कारखान्यात चिकटला, कोपरखैरण्यात घर केलं, मला वाढवलं. आई गेली, तो रिटायर झाला आणि मग त्याच्या हृदयाने संप पुकारला. ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणाले, टेन्शन अजिबात घ्यायचं नाही. झालं, टीव्हीवरच्या बातम्या बंद, सोसायटीची मीटिंग बंद, नाक्यावरचं राजकारण बंद.

दिवसभर माणूस करणार काय? भिंतीकडे बघत बसायचा आणि मी घरी आले की माझ्यावर खेकसायचा. म्हणून मी घरच्या कॉम्प्युटरवर त्याला तो गेम घेऊन दिला. रस्ते टाकायचे, पाणी आणायचं, वीज ओढायची, घरं बांधायची, लोक राहायला येतात, गाड्या फिरतात. मारामारी नाही, गोळीबार नाही. मला वाटलं, बरं आहे, डोकं शांत राहील. इतकी अक्कल मी आयुष्यात दुसऱ्या कशात गहाण टाकली नसेल.

गेम सुरू झाला की सुरुवातीला मोकळी जमीन देतात. हिरवीगार, सपाट, एका बाजूला पाणी. बाबाने चष्मा पुसला, बराच वेळ नुसतं बघितलं आणि विचारलं, “ही जागा कोनाची?”

“तुझी.”

“माजी कशी? माज्या आदी हितं कोन र्‍हायचा?”

“कोणी नाही रे बाबा. गेम आहे तो.”

“पानी हाय, सपाट जमीन हाय, नि मानूस नाय? असा कवा होतं काय?”

माझ्या ऑफिसातली पोरं हा गेम वर्षानुवर्षं खेळतात. एकालाही हा प्रश्न पडलेला मी ऐकला नाही. त्यांना जमीन दिसली की पहिला उड्डाणपूल सुचतो. बाबाला आधी गाव हवं होतं. शहर बांधायचं तर बांधू, पण इथे आधीपासून कोणीतरी राहत असणार, त्यांची सोय लावल्याशिवाय मी विटेला हात लावणार नाही, असं म्हणून तो अडून बसला. आणि खरोखरच त्याने पहिलं काय केलं, तर पाण्याच्या कडेला वेडंवाकडं, एकाला एक चिकटलेल्या घरांचं गावठाण बसवलं. त्याचं स्वतःचं. गेलेलं.

त्यात त्याची साथीदार होती माझी आत्या. बाबाची मोठी बहीण, तिकडे जासईलाच दिलेली, अजून तिथेच राहते. लहानपणी ह्याला कडेवर घेऊन मिठागराच्या बांधावरून फिरवणारी तीच. बाबाला काही आठवेनासं झालं की तो तिला फोन लावायचा. “बाय, आपले उघाडीची फली कंच्या हाताला व्हती?” उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातलं दार. भरतीला फळी लावून खारं पाणी अडवायचं, ओहोटीला काढून आतलं पाणी सोडायचं. गेममध्ये उघाडी कुठली असायला? बाबाने एक छोटा पूल घेतला, त्याच्याखाली चर खणला, आणि ठरवलं की ही उघाडी. आत्या फोनवरून सांगायची, जांभळीच्या झाडाच्या अलीकडे, पलीकडे नाय, मेल्या, तुना डोकाच नाय. बाबा मोडायचा आणि परत बांधायचा. बांधलं दोघांनी, बघत होता एकटा बाबा.

मग त्याने गावठाणाच्या भोवती शहर उठवलं. मॉल, हॉस्पिटल, शाळा, सगळं. गावाला मात्र धक्का नाही. गेमला हे अजिबात पसंत नव्हतं. गावठाणावर सारखी लाल खूण यायची, अविकसित भाग, रस्ते अरुंद, आणि बाजूला बुलडोझरचं चित्र लुकलुकायचं. बाबा म्हणायचा, “बग, हितं बी आला सायब.” आणि मजेत हसायचा. त्या दिवसांत तो माझ्यावर एकदाही खेकसला नाही, हे कबूल करायला हवं.

आता त्या कंपनीचं पुराण. हा गेम बाबा एकटा खेळतो. समोर दुसरा खेळाडू नाही, कुणाशी शर्यत नाही. तरी नेट चालू नसेल तर गेम उघडतच नाही. मध्येच नेट गेलं तर आत असलेल्या माणसाला उचलून बाहेर फेकतात. कारण बांधलेलं शहर आमच्या कॉम्प्युटरमध्ये नसतंच मुळी. ते राहतं कंपनीच्या सर्व्हरवर, कुठल्या तरी देशात, कुठल्या तरी थंडगार खोलीत. हे मी बाबाला समजावून सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “म्हंजे बांधला मी, नि चावी त्यांच्याकडं.” इतकं सोपं वाक्य त्या कंपनीच्या वेबसाइटवर कुठेही सापडणार नाही. तिथे लिहिलंय की तुमची नगरी जगाशी सतत जोडलेली राहावी म्हणून. बाबाला जगाशी जोडून घ्यायचं नव्हतं. त्याला जांभळीशी नीट जोडून घ्यायचं होतं, तेवढं पुरेसं होतं त्याला.

आणि आमच्या सेक्टरमध्ये नेट म्हणजे देवाची कृपा. रस्ता गुळगुळीत झाला रे झाला की दुसऱ्या दिवशी कोणीतरी तो खणायला येतं. नेटवाल्याला फोन केला की त्याचं उत्तर ठरलेलं, “मॅडम, खोदकामवाल्यांनी फायबर तोडला, माणूस निघालाय.” तो माणूस कायम निघालेला असतो. नेट गेलं की गेममध्ये एक चित्र यायचं. पिवळं हेल्मेट घातलेला एक गुबगुबीत इंजिनीयर, हातात पाना, तोंडभर हसू. ‘अरेरे, महापौर! कनेक्शन हरवलं वाटतं!’ बाबाला ते लोक महापौर म्हणायचे. महापौर म्हणायचं आणि दाराबाहेर उभं करायचं. एकदा तर सबंध दुपार खपून बाबाने उघाडी आत्याने सांगितली तशी केली, आणि नेट तुटलं. परत आत गेलो तर सकाळचं शहर. दुपार गेली कुठे? विचारायला सोय नाही. बाबाने गुपचूप परत चर खणायला घेतला. त्याच्या जागी मी असते तर स्क्रीनवर वरवंटा घातला असता.

ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा एक आहे, गेमिंगमधला उंटावरचा शहाणा. मी बोंब मारली तर मलाच समजावायला लागला. “चोरी थांबवायला करतात गं. नाहीतर लोक फुकट कॉपी करतात.” म्हणजे ज्याने घेतला त्याच्या उशाशी पहारेकरी बसवायचा. बरं, मग चोर काय करतात, विचारलं. तर मान खाली घालून म्हणतो, “चोरलेला गेम नेटशिवाय चालतो. त्यांनी तो भाग काढून टाकलाय.” धन्य आहे. सरळ माणसाने दारात ताटकळायचं आणि चोराने आत पाय पसरून झोपायचं, याला हे लोक सुरक्षा म्हणतात. पुढे म्हणतो कसा, एवढं काय, म्हातारा माणूस आहे, दुसरा गेम टाकून दे. त्या दिवसापासून मी त्याच्याशी कामापुरतं बोलते.

मी कंपनीच्या चॅटवर गेले. समोरून ‘नमस्कार, मला तुमची अडचण पूर्ण समजते’ असं आलं आणि मला हसूच फुटलं. हे वाक्य आम्ही तक्रार वाचायच्या आधी टाकतो. मी विचारलं, एकट्याने खेळायचा गेम आहे, शहर आमच्याच कॉम्प्युटरमध्ये ठेवायची सोय द्या. उत्तर आलं, तुमची सूचना आम्ही संबंधित टीमपर्यंत पोहोचवू. संबंधित टीम नावाची टीम जगात कुठल्याच कंपनीत नसते, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? मग त्याने सांगितलं, राउटर बंद करून चालू करा. मी पण दिवसभर लोकांना हेच सांगते. माझीच जीभ माझ्यावर उलटवून हसतोय मेला, असं वाटलं आणि मी खिडकी बंद केली.

एवढं सगळं मी एक वेळ सोडून दिलं असतं. गेम गेला खड्ड्यात. पण मधल्या काळात आत्याच्या डोळ्यांचं निघालं. काचबिंदू. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, गेलेली नजर परत येत नाही, आहे ती थेंब घालून टिकेल तितकी टिकेल. कडेकडेने अंधार येत मध्ये सरकणार. फोन ठेवल्यावर बाबा म्हणाला, “बायला गाव दाखवाया पायजे. दिसतंय तवर.” त्या दिवसापासून त्या गेममध्ये बाबाचा जीव अडकला तो एवढ्याच गोष्टीसाठी.

मी म्हटलं, फोटो काढून पाठवते. त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी अभद्र बोलले होते. “फोटो मेलेल्या मानसाचा लावतात.” त्याला तिला गावातून चालवायचं होतं. माउस धरून तिला हळूहळू बांधावरून न्यायचं होतं, उघाडीपाशी थांबायचं होतं, पाणी हलताना दाखवायचं होतं. आत्याने फोनवरून बांधलेलं गाव तिने स्वतः फिरून बघायला हवं, असा त्याचा हट्ट. फोनच्या टिचभर स्क्रीनवर ते तसंही धड दिसलं नसतं.

पहिल्यांदा ती आली तेव्हा तिला चांगलं दिसत होतं. तिचा मुलगा गाडीने सोडून गेला. येताना सुक्या कोळंबीचे सोडे आणि तांदळाचं पीठ घेऊन आली, जेवली, माझ्या कुर्त्याची काखेतली शिवण उसवलेली तिने लांबून पकडली आणि मला झापलं. बाबाने कॉम्प्युटरसमोर तिच्यासाठी खुर्ची मांडून ठेवली होती, तिच्यावर उशी. स्वतः स्टुलावर बसला. नेट मी सकाळपासून तीनतीनदा तपासलेलं. गेम सुरू केला आणि तो पिवळ्या हेल्मेटवाला हजर झाला. सर्व्हरची देखभाल चालू आहे, थोड्याच वेळात भेटू, महापौर.

आत्या म्हणाली, “ह्यो कोन?”

“कंपनीचा मानूस,” बाबा म्हणाला.

“हसतंय कशाला?”

आम्ही चहा घेतला. परत बघितलं, थोड्याच वेळात. आत्याने एक डुलकी काढली. परत बघितलं, थोड्याच वेळात. बाबा मला पुन्हा पुन्हा विचारत होता, आपलं काय चुकलं का, मी चुकीचं बटण तर नाही दाबलं. आपलं काही चुकलं नाही बाबा, म्हणून मी घसा कोरडा केला, पण त्याला पटेना. आयुष्यभर साहेबाचं मशीन बंद पडलं की आधी कामगाराला विचारतात, तू काय केलंस. ती सवय रिटायर होत नाही. संध्याकाळी तिचा मुलगा गाडी घेऊन आला आणि ती गेली. ती जाऊन अर्धा तास झाला असेल, गेम उघडला. देखभाल केल्याबद्दल भेट म्हणून बाबाच्या शहराला एक फुकट कारंजं मिळालं होतं. बाबाने ते बुलडोझरने पाडलं. उघाडीची मोडतोड सोडली तर त्या गेममध्ये त्याने पाडलेली ती एकच गोष्ट.

मग पावसाळा लागला, मग तिच्याकडे गणपती, मग ती न्हाणीत पडली आणि पाय प्लास्टरमध्ये. एकदा सगळं जुळलं होतं, ती घरातून निघणार तेवढ्यात आमच्या गल्लीत जेसीबी उभा राहिला आणि नेट गेलं. बाबाने तिला फोन करून सांगितलं, राहू दे, पुढच्या टायमाला. मला त्या जेसीबीवाल्याचाही राग आला नाही इतका त्या कंपनीचा आला. जेसीबीवाला निदान आम्हाला महापौर म्हणत नाही. आणि रस्ता खणला म्हणून घरातलं कपाट उघडत नाही, असं कुठे असतं का? आपलंच घर आणि आपल्यालाच चोरी.

आत्या फोनवर डोळ्यांबद्दल काही बोलायची नाही. विचारलं की म्हणायची, “हाय तसाच हाय.” बाबाने ते खरं मानलं. माणूस आपल्या सोयीचं लगेच खरं मानतो.

एक दिवस मेल आली. प्रिय महापौर, आपण मिळून केलेल्या ह्या सुंदर प्रवासाला निरोप देताना आमचं मन भरून आलं आहे. मन भरून आलंय म्हणे. असली मेल कशी शिजते ते मला ठाऊक आहे, आधी वकील लिहितो, मग वर कोणीतरी साखर भुरभुरतं. साखर झटकून खाली उरत होतं ते असं, की नवा गेम बाजारात येतोय, जुन्याचे सर्व्हर बंद करणार, अमुक तारखेनंतर सगळी शहरं पुसली जातील. नवा गेम घेणाऱ्या जुन्या महापौरांना खास सवलत.

मी बाबाला वाचून दाखवलं. त्याने शांतपणे विचारलं, “नवा घेतला तं माजा गाव तिकडं नेतील काय?”

“नाही.”

“म्हंजे पुनर्वसन बी नाय.” मग म्हणाला, “साडेबारा टक्के बी नाय?”

आमच्याकडे जमीन गेलेल्यांना बदल्यात साडेबारा टक्के जमीन परत द्यायचं ठरलं, तो आकडा इथल्या शेंबड्या पोराला पाठ असतो. बाबा स्वतःच्या विनोदावर हसला आणि मग हसता हसता खोकायला लागला. मी पाणी दिलं. पाणी पिऊन त्याने सरळ आत्याला फोन लावला आणि सांगितलं, ह्या रविवारी ये, काय वाट्टेल ते होऊ दे, ये.

रविवारी ती आली. मुलाने हात धरून जिन्यातून आणली, मला वाटलं, पायाचं प्लास्टर नुकतंच निघालंय म्हणून. सोड्यांची पिशवी तिने माझ्या हातात देताना जरा बाजूला धरली, मी पुढे होऊन घेतली. खुर्चीवर उशी होतीच. नेट चालू, सर्व्हर चालू, हेल्मेटवाला कुठे दिसत नव्हता. बाबाने स्टूल पुढे ओढलं. त्याने गेम सुरू केला आणि समोर भलीमोठी पांढरी चौकट आली. बारीक अक्षरांची, खाली एकच बटण.

“काय लिवलंय?” बाबाने विचारलं.

मी वाचलं आणि माझं डोकं सणकलं. आत जायचं असेल तर आधी हे मान्य करा, की ठरलेल्या तारखेनंतर तुमचं शहर कायमचं नष्ट केलं जाईल, ते कधीच तुमच्या मालकीचं नव्हतं, तुम्हाला ते वापरायची फक्त परवानगी होती, आणि त्याबद्दल तुमचा कोणताही दावा राहणार नाही. खाली बटण, मी सहमत आहे. सहमत नसलेल्यांसाठी बटण नव्हतं. ती चौकट ज्या कुणी बसून लिहिली असेल, त्याला बाबाच्या समोर आणून उभा करावा आणि मोठ्याने वाचायला लावावी, असं मला फार वाटलं.

मी त्याला आमच्या भाषेत सांगितलं. “आत जायचं तर आधी संमती द्यायला लागेल. गाव पाडायला.”

बाबाने माउसवरचा हात काढून घेतला.

आमच्या घरात संमती हा शब्द साधा नाही. जमीन गेली तेव्हा माझ्या आज्याने संमतीच्या कागदावर अंगठा दिला नव्हता. सगळे देऊन मोकळे झाले, हा नाही. न देऊन जमीन वाचली असं काही नाही, ती गेलीच. पण आजा मरेपर्यंत सांगायचा, माझी जमीन घेतली, मी दिली नाय. बाबाही तेच सांगत म्हातारा झाला. सोसायटीत कुठल्या साध्या कागदावर सही मागितली तरी तो आधी विचारतो, ही संमती तर नाय? लोक हसतात. हसू देत.

“नाय देत,” बाबा म्हणाला. “बंद कर.”

बटण मीच दाबलं असतं, माझं मन कधीच तयार होतं, दिवसाला अशी पन्नास बटणं मी न वाचता दाबते. पण ते गाव माझं नव्हतं. तेवढ्यात आत्या बोलली. इतका वेळ ती मान किंचित तिरकी करून नुसतं ऐकत होती.

“दे रे बाला. बापानं नाय दिली, तवा काय वाचला?”

बाबाने तिच्याकडे बघितलं. ह्या घरात आज्याच्या अंगठ्याबद्दल असं बोलायची कुणाची छाती नव्हती. तीच एक बोलू शकत होती, कारण तो तिचाही बाप होता, आणि जमीन गेल्यावर जी रोजावर कामाला गेली ती तीच होती. ती म्हणाली, “मना गाव बगायचाय. दे.”

बाबाने माउस धरला. बाण बटणावर नेला, तिथे थोडा थांबला, आणि दाबलं. माझा बाप आयुष्यात पहिल्यांदा सहमत झाला.

शहर उघडलं. सगळं जागेवर होतं. मॉल, हॉस्पिटल, रस्त्यावरून धावणाऱ्या गाड्या, आणि पाण्याच्या कडेला ते वेडंवाकडं गाव, वर लाल खूण लुकलुकत होती. बाबाचा आवाज एकदम बदलला, पोरासारखा झाला. तो तिला जवळून दाखवायला लागला. “ही बग बाय, ही आपली वाट. ह्यो शेजारच्यांचा गुरांचा वाडगा. आता बांधावर चढलो. सांबालून. ही जांबल.” आत्या पुढे वाकली, इतकी की तिचं नाक काचेला लागायला आलं. स्क्रीनचा उजेड तिच्या चेहऱ्यावर पडला होता.

“दिसतंय काय?”

“दिसतंय ना.”

“मंग उघाडी कंची ती दाखव.” तो खुशीत होता, तिची परीक्षा घेत होता. तिनेच तर फोनवर दहा वेळा मोडायला लावलेली उघाडी.

आत्याने हात उचलला. बोट हवेत जरा फिरलं आणि काचेवर टेकलं, गावापासून लांब, शहराच्या दुसऱ्या टोकाला, मॉलच्या पार्किंगवर.

बाबा त्या बोटाकडे बघत राहिला. मग माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदा ती ह्याच खुर्चीवर बसली होती तेव्हा तिला माझी शिवण दिसली होती, आणि तो हेल्मेटवाला आम्हाला थोड्याच वेळात भेटणार होता. मधले सगळे महिने त्यांनी खाल्ले. त्यांना कुणी काही विचारणार नाही.

“हां,” बाबा म्हणाला. “तीच.”

“फली नवी टाकलीस.”

“व्हय. जुनी कुजलेली.”

“बरा केलास,” आत्या म्हणाली, आणि बोट तिथेच ठेवून बसली. बाबाने माउस सोडून दिला आणि ती बोलत गेली तसं तो हो म्हणत गेला. ओटीवर आई बसलेय, हो. पानी चढाय लागला, हो. मी स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी होते, चहा उतू गेला तरी हलले नाही.

बाबा गेम बंद करायला गेला तेव्हा टिंग वाजलं आणि एक शेवटची चौकट आली. आज तुमचा अनुभव कसा होता? खाली पाच तारे.

“काय बोलतंय?” आत्याने विचारलं.

“कसा वाटला, विचारतात,” मी म्हटलं.

“बरा वाटला म्हून सांग,” ती म्हणाली. “एवढं दिस सांबालला त्यांनी.”

माझ्या जिभेवर शिव्यांची अख्खी माळ तयार होती, चांगली निवडून ओवलेली. बाबा माझ्याकडे बघत होता. मी पुढे झाले आणि पाचही तारे दाबले.